दाजींच्या गाडीतला आवाज

मला उजव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि डाव्यानं निम्मं येतं. एवढंच सांगायचं होतं. पण ते तोंडातून काढायला मला आठ वर्षं लागली. आचाऱ्याच्या जिभेची चव जावी आणि त्यानं ते कुणाला न सांगता लग्नाची जेवणं रांधत राहावं, तसं माझं चाललं होतं.

शिरूरला स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं दुचाकीचं गॅरेज आहे. न्हावरे, तळेगाव ढमढेरे, नदीपलीकडं पार चौफुल्यापर्यंतच्या गावांतून लोक जुन्या गाड्या घेऊन यायचे. माझ्या हातासाठी नाही, हात चांगले असलेले मिस्त्री खूप आहेत. ते माझ्या कानासाठी यायचे. गाडी दारात आली की मी लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचो, टोक इंजिनाला टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि डोळे मिटायचो. भोवतीची माणसं गप्प व्हायची. मग मी सांगायचो, टॅपेट. नाहीतर पिस्टन. नाहीतर टायमिंग चेन. खोलल्यावर तेच निघायचं. लोक एकमेकांकडं बघायचे, आणि ते बघणं मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टॅपेट टिकटिक करतं, भिंतीवरच्या घड्याळासारखं. पिस्टन ठकठक करतो आणि चढाला वाढतो. टायमिंग चेनचा आवाज वेगळा, चरचर, फरशीवर सांडलेली वाळू पायाखाली घासावी तसा. इंजिनाच्या पोटात, डाव्या अंगाला, करंगळीहून बारीक अशी ही साखळी असते. खालचं चाक आणि वरचं चाक एका तालात ठेवायचं तिचं काम. वापरून वापरून ती लांबते. ती ढिली पडू नये म्हणून तिला दाबून धरणारा टेन्शनर असतो, म्हणजे एक दांडी, एक स्प्रिंग आणि टोकाला रबर. स्प्रिंग मेली, रबर कडक झालं की चेन आतल्या भिंतीला घासायला लागते. सकाळी गाडी गार असताना आवाज जास्त येतो, तापली की कमी होतो, आणि पळत्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की पुन्हा चरचरतो. बहुतेक वेळा ती महिनोन्महिने नुसती ओरडत राहते. कधी एखादा दात सुटतो आणि गाडी रस्त्यात बंद पडते. अगदी क्वचित चेन तुटून खालच्या चाकात अडकते. तसं झालं तर धावत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी थांबतं.

हे सगळं मी दौंडला शिकलो. माझे उस्ताद दौंडचे, रेल्वे स्टेशनच्या अंगाला त्यांचं गॅरेज होतं. मी कानावर स्क्रू ड्रायव्हर लावून पहिल्यांदा बरोबर सांगितलं तेव्हा त्यांनी कौतुक केलं नाही. म्हणाले, "कान फकस्त कुठं खोलायचं ते सांगतो. काय झालंय ते डोळ्यानं बघायचं." मग कव्हर खोलायला लावलं, मॅग्नेट म्हणजे कव्हरखालचं जड चाक हातानं फिरवून खुणेवर आणायला लावलं, आणि वरच्या चाकाची खूण जागेवर आहे का ते दाखवलं. खूण सरकलेली असली तर चेन लांबली. अर्ध्या तासाचं काम. ते गेल्यावर मी ते अर्ध्या तासाचं काम हळूहळू सोडून दिलं. कशाला खोलायचं? मला ऐकू येत होतं की.

ऐकू येणं नक्की कधी कमी झालं ते सांगता येत नाही. इतकी वर्षं सायलेन्सर काढून चालू ठेवलेल्या इंजिनांपाशी कान ठेवला, त्याचं फळ असणार. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या. मोबाइलची रिंग गेली. बायको म्हणायची, टीव्ही किती मोठा लावता. मी म्हणायचो, तुम्हालाच मोठा लागतोय. आणि एक दिवस स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, तर आत नुसती घरघर. टॅपेट नाही, चेन नाही, जशी काय सगळी माणसं निघून गेल्यावरची जत्रा.

मी काय केलं, तर एक युक्ती काढली. गिऱ्हाइकाला म्हणायचो, "आवाज कसा येतो, तुम्ही काढून दाखवा बघू." माणसं हौशीनं काढून दाखवायची. एकदा न्हावऱ्याचे एक आबा, धोतर सावरत, गाल फुगवून "चर्रर्र चर्रर्र" करायला लागले, तर बाजूचा रसवाला म्हणाला, "आबा, गाडी हाय का बेडूक?" आबा म्हणाले, "तू रस काढ, तुला कोण विचारतंय?" आणि पुन्हा सुरू. सगळे हसले, मीही हसलो. त्यांच्या त्या आवाजावरून मला दुखणं कळलं. मग मी उगीच स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, "टायमिंग चेन." निघाली. माझं नाव तसंच राहिलं.

दाजींपाशी ही युक्ती चालली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. केडगावचे. दौंडच्या एका शाळेत शिपाई होते आणि घरामागं थोडा कांदा करायचे. केडगावहून दौंडला जायला रेल्वे आहे, पण दाजी आपले त्यांच्या जुन्या गाडीवर. गाडी मीच त्यांना बघून दिली होती, मीच सांभाळायचो. आमच्याकडं पाहुण्याचा धंदा असला की त्याच्याकडंच जायचं असतं. मेव्हण्याचं गॅरेज असताना दाजींनी दुसऱ्या मिस्त्रीकडं गाडी टाकली तर ती सोयरिकीतली गोष्ट होते, चार घरांत बोललं जातं. म्हणून दाजी केडगाव स्टेशनजवळचं गॅरेज ओलांडून, चौफुला, पारगावचा पूल आणि न्हावरे करत शिरूरपर्यंत यायचे. तेल बदलायलासुद्धा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आले. चहा झाला. म्हणाले, "पाव्हणं, जरा आवाज येतोय."

"कसा येतोय, काढून दाखवा."

दाजी लाजले. शाळेत घंटा देण्याखेरीज त्या माणसानं कधी आवाज केला नसेल. "मला न्हाई जमत. येतोय येवढं खरं."

"टिकटिक का चरचर?"

"आता कसं सांगू? येतोय बुवा."

मी स्क्रू ड्रायव्हर लावला. डोळे मिटले. घरघर. दोन माणसं बघत उभी होती. मी म्हणालो, "टॅपेट." टॅपेट सेट केलं, गाडी पुसून दिली. दाजी माझ्यावर विश्वास ठेवून निघून गेले.

दीड महिन्यानं परत आले. गाडी स्टँडवर लावली. गॅरेजभर बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "राग मानू नका. स्टेशनापाशी तो एक मिस्त्री हाय ना, पंक्चर काढायला गेलो व्हतो. तो म्हणला, आप्पा, टायमिंग चेन गेली तुमची. लगेच बदला म्हणला."

"मग बदलली?"

"छ्या! त्याला म्हणलं, आमच्या मेव्हण्यांनी बघितलीय, टॅपेट हाय. तो हसला."

तो हसला, हे मला लागलं. मी म्हणालो, "मग त्याच्याकडंच टाकत जा गाडी. जवळ पडंल तुम्हाला."

दाजींचा चेहरा उतरला. "तसं कुठं म्हणलो मी? म्हणून तर आलो ना येवढ्या लांब."

आता जे सांगतोय ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीट नाही. मी सगळ्या वर्षांत मनाशी म्हणत आलो की मला कळलंच नव्हतं. ते खरं नाही. त्या दिवशी गाडी चालू असताना मी इंजिनाच्या डाव्या अंगाला बोटं टेकवली होती, आणि बोटांना बारीक खरखर लागली होती. बोटं बहिरी नव्हती. कव्हर खोललं असतं, मॅग्नेट खुणेवर आणलं असतं, तर अर्ध्या तासात कळलं असतं. पण मग केडगावचा मिस्त्री बरोबर ठरला असता आणि मी चूक. आणि मग कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला आवाज आला कसा नाही?

मी जाड तेल टाकलं. जाड तेलात आवाज दबतो, हे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं. जुनी गाडी विकताना लोक तेच करतात. मी ते माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीत केलं. दाजींनी गाडी चालू केली, कान देऊन ऐकलं आणि हसले. "गेला की हो आवाज! उगीच त्या मिस्त्रीचं ऐकत बसलो."

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. मी फोन डाव्या कानाला लावला.

"आरं, ह्यांच्या गाडीचा आवाज परत येतोय."

"तुला गं काय कळतंय?"

"कळतंय म्हंजी काय? मी वट्यापाशी असते तवा, हे वळणावर आले की मला आवाजच येतो. त्याच्यावरच तर मी च्या ठेवते. मधी आठ दिवस कळंना झालं, हे दारात आन् च्या पातेल्यात न्हाई. आता परत कळतंय." आणि ती हसली.

माझ्या बहिणीला ओट्यापाशी उभं राहून जो आवाज येत होता, तो मला कान लावूनही आला नव्हता. मी तिच्यावर ओरडलो. "तू चहाचं बघ, गाडीचं मी बघतो." ती म्हणाली, "बरं बाबा." आणि ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी, शाळेतून घरी येताना, उन्हं अजून वर असताना, वरवंडजवळ दाजी पडले. मागं पुढं वाहन नव्हतं. रस्ता कोरडा होता, खड्डा नव्हता. एक शेतकरी बांधावरून बघत होता, तो म्हणाला, चालता चालता गाडी एकदम अडली आणि माणूस पुढं फेकला गेला. डोक्याला मार बसला. दौंडला नेईपर्यंत गेले.

मी शिरूरहून पोचलो तोवर सगळे दवाखान्यात होते. गाडी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली होती, मी आधी तिथं थांबलो. का थांबलो? गाडी बघायला. मिस्त्रीची खोड म्हणा. किक मारली, ती खालीच जाईना. इंजिन जाम होतं. तिथं, त्या क्षणी, मला कळलं. मग मी डिकी उघडली. त्यात जेवणाचा डबा होता आणि रुमालात गुंडाळलेला फोन. गाडीवर असताना दाजी फोन जवळ ठेवतच नसत, डब्याशेजारी ठेवायचे. फोनवर ताईचे तीन फोन येऊन गेलेले दिसत होते. घरी पाहुणे आले होते, तर येताना दौंडहून शेव आणा, एवढं सांगायला तिनं केले होते.

तो फोन मी ताईच्या हातात दिला. डिकीत सापडला हे बोललो नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती बोलायच्या, ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती, हे खरं. पण मी त्यासाठी गप्प नव्हतो.

तिनं फोन बघितला, तिचे तीन फोन बघितले. तिच्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, तिच्या खांद्यावरून ते बघितलं आणि म्हणाल्या, "तू फोन केलास? गाडीवर असताना केलास?" बस्स. तिथून ती गोष्ट सुरू झाली. दाजींनी खिशातून फोन काढायला हात सोडला असणार, तोल गेला असणार. सगळ्यांनी मान हलवली. पंचनाम्यात तोल जाऊन पडल्याचंच लिहिलं. दहाव्याला, तेराव्याला, नंतर येणाऱ्या प्रत्येक बाईला ताई स्वतःच सांगायची, "मी फोन केला आन् मी घालवला त्यांना." मी तिथं भिंतीला टेकून बसलेला असायचो. कुणी विचारलं, गाडीत तर काही नव्हतं ना, तर मी मान हलवायचो. नव्हतं.

गाडी मी शिरूरला आणली. एका दुपारी शटर अर्धं खाली ओढून इंजिन खोललं. चेन दोन ठिकाणी तुटलेली, एक तुकडा खालच्या चाकात रुतून बसलेला. टेन्शनरची दांडी गंजून एका जागी अडकलेली, रबर दगडासारखं. आतल्या भिंतीवर चेननं घासलेली नखभर खोल रेघ होती. एवढी रेघ एका दिवसात पडत नाही. महिनोन्महिने ती ओरडत होती. मी चेनचे तुकडे आणि दांडी एका पत्र्याच्या डबीत ठेवली आणि बाकी गाडी भंगारात घातली. ताईला म्हणालो, बघवत नाही म्हणून घातली. तीही रडली, म्हणाली, बरं केलंस.

त्यानंतर ताईनं रस्त्यावर असलेल्या माणसाला फोन करणं सोडून दिलं. भाचा कुरकुंभच्या एमआयडीसीत लागला, गाडीवरून जायला-यायला लागला, तर ती त्याची सुटी व्हायच्या आत फोन बंद करून कपाटात ठेवायची, चुकून हात लागायला नको म्हणून. मी भाऊबीजेला जायचो तेव्हाही तसंच. मी शिरूरहून निघालो की पोचेपर्यंत तिचा फोन बंद. दारात पोचलो की म्हणायची, "आलास? च्या ठेवते." आवाजावर चहा ठेवणं तिनं बंदच केलं होतं. ओवाळताना माझ्याकडं बघून हसायची. मला ओवाळताना. सहा वर्षं मी त्या पाटावर बसत आलो.

मध्ये बायकोनं हट्ट करून मला कानाचं यंत्र घ्यायला लावलं. मला ऐकू येत नाही एवढं तोवर तिला कळलं होतं, बाकीचं नाही. यंत्र लावून पहिल्याच सकाळी गॅरेजवर बसलो होतो. पंख्याचा आवाज ऐकला, कागद दुमडल्याचा ऐकला. आणि समोरच्या रस्त्यानं एक जुनी गाडी गेली, चरचर चरचर करत. लांब जाईपर्यंत येत होता तो आवाज. इतका मोठा असतो तो? मी विसरूनच गेलो होतो. यंत्र काढून खिशात ठेवलं.

तरीही मी ताईकडं गेलो नाही. हेही लिहून ठेवतो.

यंदाच्या पावसाळ्यानंतर भाच्याचा फोन आला. रागात होता. म्हणाला, "मामा, आईला दौंडला अ‍ॅडमिट केलंय. आता बरी हाय. पण तुम्ही तरी सांगा तिला." झालं होतं असं, की दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. शेजारचे रानात. भाचा तेव्हा सुटून रस्त्याला लागलेला असणार, म्हणून तिनं त्याला फोन केला नाही. दीड तास उंबऱ्यावर बसून राहिली, घाम पुसत. तो दारात गाडी लावेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या, पुन्हा असा उशीर करू नका.

मी बघायला गेलो तेव्हा तिला विचारलं, "मला तरी करायचास."

"तू गाडीवर असतास तर?" ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

ती घरी आल्यावर आठवड्याभरानं मी पत्र्याची डबी खिशात टाकली आणि केडगावला गेलो. ताई पडवीत कांदे निवडत बसली होती. डॉक्टरांनी बसून काम करायला परवानगी दिलीय म्हणाली. मी समोर बसलो. डबी तिच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"दाजींच्या गाडीतली चेन."

तिनं झाकण काढून तुकडा तळहातावर घेतला. बोटं काळी झाली. "येवढीशी?"

मी सांगायला लागलो. मध्ये थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही, हे माहीत होतं, म्हणून थांबलो नाही. कान, युक्ती, टॅपेट, केडगावचा मिस्त्री, बोटांना लागलेली खरखर, जाड तेल, तिच्यावर ओरडलो ते. किक अडकली ते. डिकी.

ती कांदे निवडत ऐकत होती. डिकीपाशी हात थांबला.

"फोन कुठं व्हता म्हणलास?"

"डिकीत. डब्याजवळ. रुमालात."

"डिकीत."

"हं."

"म्हंजी वाजला तरी..."

"ऐकूच आला नसणार त्यांना, ताई. तुझ्या फोनानं काही झालं नाही. चेनीनं झालं. माझ्यानं झालं."

तिनं एक चांगला कांदा सडक्यांच्या ढिगात टाकला. मग तिच्या लक्षात आलं, तो परत उचलून चांगल्यांत ठेवला.

"आत्याबाई गेल्या तवा मी पाय चेपत व्हते त्यांचे," ती म्हणाली. "शेवटपातूर एकच. तू फोन केला नसतास तर माझा लेक असता. त्यांना आता कोण सांगणार? तू जाणार हायस सांगायला?"

मी जमिनीवर पडलेलं डबीचं झाकण उचललं.

"तुला ऐकू येत न्हवतं, ते एक येळ सोडून देऊ. पण नंतर तर तुला समदं म्हाईत व्हतं की रं. सहा वर्सं? माझ्या हातचं खात व्हतास."

"व्हय."

"जा आता. पोरगं यायच्या आत जा. त्याला माझं मी सांगन."

मी उठलो. ती दारापर्यंत आली नाही. डबी तिच्याकडंच राहिली.

गाडी चालवताना मी कानाचं यंत्र काढून ठेवतो, वाऱ्याचा आवाज सहन होत नाही. चौफुला गेला, पारगावचा पूल गेला. न्हावऱ्यात चहाला थांबलो. पैसे काढायला शर्टाच्या खिशात हात घातला तेव्हा फोन हाताला लागला. ताईचे दोन फोन येऊन गेलेले. पहिला मी पुलाच्या आसपास असतानाचा.

मला वाटलं, पुन्हा छातीत दुखलं. यंत्र कानात बसेना. तसाच तिला फोन लावला.

"ताई? काय झालं?"

"गाडी थांबवलीस का?"

"हो. न्हावऱ्यात आहे. तुला बरं नाही का?"

"बरी हाय." ती म्हणाली. "मी मुद्दाम केला. तू रस्त्यात असताना. बघू म्हणलं, जमतंय का. जमलं. दोनदा केला."

मी फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"औंदा भाऊबीजेला येऊ नको. मला न्हाई जमायचं ओवाळायला. मी बोलवीन तवा ये."

"बरं."

"आन् पोचल्यावर कळव."

शिरूरला पोचल्यावर मी कळवलं. ती "बरं" म्हणाली आणि ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. भाच्याचाही नाही. दौंडला जाणाऱ्या ओळखीच्या एका माणसाकडून कळलं, की ती आता पोराला रोज रस्त्यात फोन करते, आणि तो वैतागून गाडी कडेला घेऊन उचलतो.

यंदाच्या भाऊबीजेला गॅरेज उघडं ठेवलं. घरी बसवलं नसतं. दुपारी तळेगाव ढमढेऱ्याचे एक आप्पा जुनी गाडी घेऊन आले. म्हणाले, "तुमचं लई नाव ऐकलंय. जरा कान लावून बघा की."

मी म्हणालो, "आप्पा, मला ऐकू कमी येतं. कव्हर खोलून बघावं लागंल. अर्धा तास बसा."

"ऐकू येत न्हाई? मग येवढं नाव कशाचं?"

"ते जुनं आहे," मी म्हणालो, आणि त्यांना बसायला स्टूल पुढं केलं.

फोन मी समोर फळीवर ठेवला होता, त्याच्या काचेवर उजेड आला की दिसेल असा. मग पाना घेतला, कव्हरचे बोल्ट सोडवले, मॅग्नेट हातानं हळूहळू फिरवून खुणेवर आणलं आणि वरच्या चाकाची खूण बघितली. खूण सरकलेली होती.